आघातोपचार गुणवत्ता सहयोग

गंभीर दुखापतींवर उपचार करणारी अनेक रुग्णालये आपल्या रुग्णांची नोंद एकाच पद्धतीने ठेवतात, त्यांचे निष्कर्ष परस्परांशी ताडून पाहतात आणि त्यातून दिसणाऱ्या उणिवा मिळून दूर करतात, तेव्हा त्या व्यवस्थेस आघातोपचार गुणवत्ता सहयोग म्हणतात. अमेरिकेतील मिशिगन राज्यात रुग्णालयांचा असा संघ एका आरोग्यविमा संस्थेच्या अर्थसाहाय्यावर चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने या विषयावरील मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये प्रसिद्ध केली.

केवळ मृत्यूंचे प्रमाण पाहून दोन रुग्णालयांची तुलना करणे अन्यायाचे ठरते, कारण ज्या रुग्णालयाकडे अत्यवस्थ रुग्ण अधिक येतात तेथे मृत्यूही अधिक होणार. म्हणून रुग्णाचे वय, दाखल होतानाचा रक्तदाब, शुद्धीची पातळी आणि दुखापतीची तीव्रता जमेस धरून अपेक्षित मृत्यूंचा अंदाज काढतात व प्रत्यक्ष आकडा त्याच्याशी ताडतात. तीव्रतेसाठी १९७४ पासून एक गुणांकन रूढ आहे : शरीराचे सहा भाग कल्पून सर्वाधिक इजा झालेल्या तीन भागांच्या गुणांच्या वर्गांची बेरीज करतात, कमाल बेरीज ७५ होते. आकड्यांच्या जोडीला प्रत्येक मृत्यूची छाननीही होते. बेशुद्ध रुग्णाचा श्वासमार्ग वेळेत सुरक्षित केला होता का, पोटातील रक्तस्रावावरील शस्त्रक्रियेस उशीर झाला का, असे प्रश्न तीत विचारले जातात. दोष व्यक्तीच्या माथी मारला जाईल अशी धास्ती असेल, तर ही छाननी कागदावरच उरते.

मुंबईतील केईएम आणि शीव येथील लोकमान्य टिळक या महापालिका रुग्णालयांनी दिल्ली व कोलकात्याच्या सार्वजनिक रुग्णालयांसह २०१३ ते २०१५ या काळात एका सामायिक नोंदणीत भाग घेतला; तीत सुमारे १६,००० रुग्णांची माहिती जमली. लोकलमधून पडलेले किंवा रूळ ओलांडताना जखमी झालेले प्रवासी हा मुंबईच्या आघातोपचाराचा खास भाग आहे. शिवाय बरेच रुग्ण आधी दुसऱ्या रुग्णालयात जाऊन मग येथे पोहोचतात, त्यामुळे अपघाताची वेळ आणि मधल्या उपचारांचा तपशील केसपेपरवर अनेकदा सापडत नाही. गर्दीच्या कॅज्युअल्टीत निवासी डॉक्टरांकडून तो भरून घेण्यापेक्षा त्यासाठी स्वतंत्र नोंद कर्मचारी नेमणे अधिक उपयोगी ठरते. मात्र हे पद संशोधन प्रकल्पाच्या निधीवर अवलंबून असेल, तर निधी संपताच नोंदणीही खंडित होते.