धारिणी आणि इरावती

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ या पाच अंकी संस्कृत नाटकातील दोन राण्या. विदिशेचा शुंगवंशीय राजा अग्निमित्र याची धारिणी ही पट्टराणी, इरावती धाकटी. राजाचे मन धारिणीच्या परिवारातील मालविकेवर जडते. ही मुळात विदर्भाची राजकन्या, पण पाचव्या अंकापर्यंत हे कोणाला ठाऊक नसते. अपवाद पंडिता कौशिकी या परिव्राजिकेचा, म्हणजे संन्यासिनीचा. नाटकाला नाव मालविकेचे मिळाले, तरी त्यातला ताण टिकतो तो या दोघी सवतींमुळे.

धारिणी सहसा आवाज चढवत नाही. मालविका राजाच्या दृष्टीस पडू नये म्हणून ती जपते. तरीही विदूषक गौतम हा गणदास आणि हरदत्त या नाट्याचार्यांची भांडणे लावून मालविकेचे नृत्य घडवून आणतोच. डाव ओळखून धारिणी राजाला एवढेच सुनावते, की राज्यकारभारातही अशी हिकमत दाखवलीत तर बरे होईल. मात्र वेळ आली की ती कठोर होते. धारिणीच्या दुखावलेल्या पायाची विचारपूस करायला आलेली इरावती मालविकेचे प्रकरण कानावर घालते, तेव्हा धारिणी मालविकेला आणि तिची सखी बकुलावलिका हिला तळघरात कोंडते. आपली नागमुद्रेची अंगठी दाखवल्याशिवाय सोडायचे नाही, अशी तिची ताकीद असते. विदूषक केतकीचा काटा टोचून घेतो, साप चावल्याचे सोंग करतो आणि उपचाराच्या निमित्ताने तीच अंगठी मिळवतो.

इरावतीचे सगळे उघड. तिसऱ्या अंकात ती मद्य घेऊन, पावले अडखळत, राजाबरोबर झोपाळ्यावर बसायला प्रमदवनात, म्हणजे राजवाड्याच्या उद्यानात, येते. तिथे पायांना अळिता लावलेली मालविका अशोकाला बहर यावा म्हणून त्याला लत्ताप्रहार करते आहे, आणि राजा तिच्याशी सलगी करतो आहे. इरावती लपून पाहते, मग पुढे होते आणि सुटलेली मेखला राजावर उगारते. तो पाया पडतो, तर ती म्हणते, हे काही मालविकेचे पाय नव्हेत! राजा मात्र तिचा राग सोयीचा मानतो. प्रणाम झिडकारून गेली, आता तिच्याकडे दुर्लक्ष करायला निमित्त झाले. नाटकात राजाला तोंडावर जाब विचारणारी तीच, आणि सर्वांत कमी पदरात पडते तेही तिच्याच.

नायिकाभेदाच्या, म्हणजे काव्यशास्त्रातील नायिकांच्या वर्गीकरणाच्या, परिभाषेत धारिणी धीरा (राग आवरणारी) आणि इरावती अधीरा (राग उघड करणारी) ठरते. ही लेबले फार पुरी पडत नाहीत. धारिणीच्या संयमामागे अधिकार आहे: ती राजपुत्र वसुमित्राची आई आहे, तिचा भाऊ वीरसेन सीमेवरचा दुर्ग सांभाळतो. इरावतीला राजाच्या मर्जीशिवाय दुसरा आधार दिसत नाही. ती मर्जी सरली, की तिच्याजवळ फक्त संताप उरतो.

पाचव्या अंकात अशोक फुलतो, विदर्भावर विजय मिळतो आणि वसुमित्राने यवनांना हरवल्याची वार्ता येते. अशोक फुलला तर मालविकेची इच्छा पुरवीन, हा तिला दिलेला शब्द पाळून धारिणी मालविकेचा हात राजाच्या हाती देते. त्याआधी तिने इरावतीची संमती मागवलेली असते आणि ती आलेलीही असते. स्वतः इरावती या अंकात रंगमंचावर येतच नाही. निपुणिका ही तिची दासी क्षमायाचनेचा निरोप घेऊन येते. त्याला उत्तरही राजा देत नाही, धारिणी देते.