फडाचा बंधारा आणि केटीवेअर: कृपा करून एकच समजू नका

पावसाने तीन आठवडे ओढ दिली की तो फोटो फिरायला लागतो. सिमेंटचे खांब, मधे लोखंडी दरवाजे, वरून मोटरसायकल चाललेली, आणि खाली मजकूर: 'खानदेशची शेकडो वर्षं जुनी फड पद्धत, हवामान बदलाला उत्तर'. अहो, तो केटीवेअर आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. त्यात जुनं काही नाही आणि फड तर अजिबात नाही. फड पद्धत म्हणजे नदीचं पाणी पाटाने आणून गावाने मिळून वाटून घ्यायची रीत.

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीकाठी दोन्ही दिसतात, दोन्हींना लोक नुसतं 'बंधारा' म्हणतात, म्हणून गल्लत होते हे मान्य. पण भाषणांत आणि योजनांच्या कागदांवरही तीच गल्लत वाचायला मिळते, तेव्हा राग येतो.

केटीवेअर तुम्हाला माहीत आहेच. पावसाळ्यात दरवाजे काढलेले, पाऊस सरता सरता टाकायचे, पाणी नदीच्या पात्रातच तुंबतं, काठावरचे शेतकरी मोटारी टाकून उपसतात. रबर सील गळतं, दरवाजे भंगारात जातात, तेही माहीत आहे. पुढे जाऊ.

फडाचा बंधारा पाणी साठवत नाही. नदीत आडवी घातलेली ती एक बुटकी भिंत. वाहतं पाणी थोडं उंचावून बाजूच्या पाटात घालायचं, एवढंच तिचं काम. पाटातून चाऱ्यांत म्हणजे छोट्या पाटांत, तिथून वावरात, सगळं उताराने. मोटार नाही, वीजबिल नाही. जास्तीचं पाणी सांडव्यातून परत नदीत जातं आणि खालच्या गावाचा बंधारा ते उचलतो. पूर आला तर भिंतीवरून जातो, दरवाजे काढायला कोणी धावत नाही. साक्री तालुक्यात पांझरेवर आणि नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात मोसम-आरम नद्यांवर ही रीत तीन-चारशे वर्षांची मानली जाते. भिंत दगड-चुन्याची की सिमेंटची, यावर वाद घालण्यात मला रस नाही. (शिरपूर पॅटर्न हे तिसरंच प्रकरण. तिथे नाले खोल-रुंद करून पाणी जमिनीत मुरवतात. तेही यात कालवू नये.)

लोक अडखळतात ते मात्र पुढे. भिंत बघतात आणि फड समजला असं मानतात. फड म्हणजे भिंत नव्हे. फड म्हणजे पाटाखालच्या जमिनीचे पाडलेले मोठे तुकडे, साधारण तीन-चार, आणि त्या तुकड्यांवर चालणारा गावाचा नियम. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात हरभरा, चौथा पावसाच्या भरवशावर किंवा पड. पुढे फेरपालट. कोणत्या फडात काय घ्यायचं हे हंगामाआधी गाव बसून ठरवतं, एकटा शेतकरी नाही. एका फडात एकच पीक, म्हणजे सगळ्यांच्या पाण्याची पाळी एकाच वेळी येते. गव्हाच्या फडात एकाने केळी लावली तर गहू निघाल्यावरही त्याला भर उन्हाळ्यात पाणी लागणार, आणि त्या एका वावरासाठी अख्खा पाट भिजवत बसावं लागणार. म्हणून नियम कडक.

आता नदीला पाणी कमी आहे असं धरा. गाव ठरवतं: यंदा ऊस नाही, दोनच फड भिजवायचे. हे पचतं कसं? कारण जुन्या घडीत बहुतेकांचा एकेक तुकडा प्रत्येक फडात असायचा. एक फड कोरडा राहिला तर सगळ्यांचं थोडंथोडं जातं, कोणा एकाचं सगळं जात नाही. जमिनीचे तुकडे म्हणजे मागासलेपण, ते एकत्र करा, असं आपल्याला १९४७च्या तुकडेबंदी कायद्यापासून ऐकवलं जातंय. इतर ठिकाणी खरं असेलही. फडात मात्र तो विखुरलेला तुकडा हाच विमा.

केटीवेअरवर तुटीचं वर्ष कसं जातं? डोह आटत जातो. ज्याची मोटार मोठी आणि पाइपलाइन लांब, त्याचं पीक तगतं. बाकीच्यांच्या पाइपांची पाणी ओढणारी तोंडं, म्हणजे फुटव्हॉल्व्ह, गाळात उघडी पडतात. पाणी साठवलं, पण तूट कोणी वाटून घ्यायची हे कुणीच ठरवलेलं नसतं. शिवाय रात्रीच्या लाइटीला बॅटरी घेऊन पाणी भरायला जाणं आहेच. फडात ते काम पाटाचं पाणी फिरवणाऱ्या पाटकऱ्याचं. पिकाची राखण जागल्या करतो, त्यांच्यावर हवालदार, आणि मोबदला पीक निघाल्यावर धान्यात. हंगामाआधी पाटातला गाळ मात्र प्रत्येकाने काढायचा, तिथे सबब चालत नाही.

बिघडलेल्या पावसात हा फरक जास्तच बोचतो. मधे लांबलचक खंड, मग एका रात्रीत धो धो, आणि ऑक्टोबरातही पाऊस थांबेना. दरवाजे लवकर टाकले तर उशिराच्या पुरात बंधाऱ्याला धोका, उशिरा टाकले तर नदी ओसरून गेलेली. फडाच्या भिंतीला हा प्रश्नच पडत नाही.

पण फडाचं गुणगान करणारे एक गोष्ट दडवतात: वाहती नदी नसेल तर फड नाही. मोसमवर हरणबारी, पांझरेवर लाटीपाडा आणि अक्कलपाडा ही धरणं झाली, काठाने विहिरी आणि बोअर झाल्या. वाहतं पाणी आटलं की 'पाटले पानी उनं का?' (पाटाला पाणी आलं का?) हा प्रश्न धरणाचं आवर्तन कधी सुटणार यावर येऊन ठेपतो. स्वतःची बोअर असलेला मग गावाच्या बैठकीला का येईल? म्हणून 'फड पुनरुज्जीवन' म्हणत नुसती भिंत दुरुस्त करणं, किंवा तिच्यावरच दरवाजे बसवून डोह करणं, मला साफ नामंजूर आहे. दरवाजे बसले की मोटारी येतात आणि पाट बुजतो.

जिथे नदी दिवाळीनंतर वाहतच नाही, तिथे खुशाल केटीवेअर बांधा. फक्त दरवाजे टाकायच्या आधी काठावरच्या सगळ्यांना बसवा आणि किती मोटारी, किती एचपीच्या, आठवड्यातून किती दिवस, आणि ऊस-केळी लावायची की नाही, हे लिहून घ्या. डोह निम्म्यावर आला की कोणाची मोटार आधी बंद होणार, तेही त्याच कागदावर.