घरची भाकरी, बाजारची भाकरी आणि देशाचा जमाखर्च

मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी ज्वारी रास होऊन घरी आली की तिचे दोन वाटे होतात. वर्षभर पुरेल एवढी घरासाठी, उरलेली आडतीवर. देशाच्या जमाखर्चात हे दोन्ही वाटे सारखेच मानले जातात. विकलेलं पोतं जीडीपीत, म्हणजे वर्षभरात देशात झालेल्या एकूण उत्पादनाच्या आकड्यात, येतं आणि घरात ठेवलेलं पोतंही येतं, बाजारभावाने किंमत लावून. पण त्याच घरातल्या बाईने ती ज्वारी दळून आणली, पीठ मळलं, चुलीसमोर बसून वीस भाकऱ्या थापल्या, तर त्या श्रमाची किंमत शून्य. शेजारणीने तशाच भाकऱ्या कडक करून पाकिटात घातल्या आणि सोलापूरच्या दुकानात दिल्या, की तिची मेहनत देशाच्या उत्पन्नात जमा.

हा कारकुनी विसराळूपणा नाही, हा नियम आहे. देशांनी आपलं उत्पन्न कसं मोजावं याची एक आंतरराष्ट्रीय पद्धत संयुक्त राष्ट्रांनी 1953 मध्ये आखून दिली. पुढे 1968, 1993, 2008 आणि 2025 मध्ये ती सुधारली गेली. तिच्यानुसार घरच्यासाठी पिकवलेली किंवा बनवलेली वस्तू मोजायची, पण घरच्यांसाठी केलेली सेवा मोजायची नाही. स्वयंपाक, धुणीभांडी, लेकरांचं आणि आजारी माणसांचं करणं, सगळं बाहेर. कारण असं देतात की या कामाला बाजारात दर नाही. मला हे कारण लंगडं वाटतं. स्वतःच्या घरात राहणाऱ्या माणसाने स्वतःलाच भाडं दिलं असं धरून ती रक्कम जीडीपीत घेतातच की! खरी अडचण वेगळी आहे. घरकामाचा आकडा एवढा मोठा निघेल की बाजारातली तेजी-मंदी त्यात बुडून जाईल. 2019 च्या सरकारी वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा 97 मिनिटं.

मोजलेल्या आणि न मोजलेल्या कामातली ही रेघ सोलापुरात एकाच खोलीतून जाते. विडी कामगार बाई घरी सुपात तेंदूपानं घेऊन बसते. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्याने बांधायची. हजार विड्यांमागे मजुरी ठरलेली, माल कारखान्यात नेऊन द्यायचा. ही मजुरी राष्ट्रीय उत्पन्नात आहे. मधेच सूप बाजूला ठेवून तिने भात टाकला, की ती हिशोबाबाहेर गेली.

मोजायची खटपट आपल्याकडे जुनी आहे. दादाभाई नौरोजींनी 1867-68 सालासाठी हिशोब मांडला आणि हिंदुस्थानातल्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न सरासरी 20 रुपये काढलं. प्रांताप्रांतातलं पेरणीचं क्षेत्र, पीक आणि भाव यांवरून त्यांनी आकडा बांधला. सेवा त्यांनी धरल्याच नाहीत. मग त्या आकड्याशेजारी त्यांनी तुरुंगातल्या कैद्याच्या खाण्याकपड्याचा खर्च ठेवला. सामान्य माणसाचं उत्पन्न त्याहून कमी भरत होतं. आकडा कशासाठी मोजायचा याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी आठवत नाही.

स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस अध्यक्ष, अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ सदस्य. गाडगीळांनी सोलापूर शहराचाही सामाजिक-आर्थिक अभ्यास केला होता, त्यामुळे गिरणी, माग आणि चाळ यांचं अर्थकारण त्यांना कागदापलीकडे माहीत होतं.

ज्वारी किती पिकली हे सरकारला कसं कळतं? प्रत्येकाच्या खळ्यावर जाऊन तर कोणी मोजत नाही. त्यासाठी पीक कापणी प्रयोग करतात. गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, गावातलं शेत तसंच, शेतातला कोपराही तसाच. तिथे ठरलेल्या मापाचा तुकडा दोरीने आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, वाळवून वजन करायचं. अशा तुकड्यांच्या सरासरीला एकूण पेऱ्याने गुणलं की जिल्ह्याचं उत्पादन निघतं. या पद्धतीची घडी बसवण्यात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे. 1940 च्या दशकात त्यांचा आणि महालनोबिसांचा यावरून चांगलाच वाद रंगला होता. तुकडा छोटा असावा, म्हणजे पुष्कळ ठिकाणी कापता येईल, असं महालनोबिसांचं म्हणणं. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार छोटा असला तर उतारा फुगतो. कारण साधं आहे. दोरीवर आलेलं ताट आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. मोठ्या तुकड्यात काठावरच्या चार ताटांनी फरक पडत नाही, छोट्यात मात्र तेवढ्याने एकरी उतारा वाढतो. कोट्यवधी टनांच्या आकड्यातली चूक अशी दोरीच्या जाडीत लपलेली असते.

आता टॉवेल घेऊ. हिशोबासाठी सोयीचे आकडे धरू. एका टॉवेलाला लागणारा कापूस शेतकऱ्याने 40 रुपयांना विकला. सूतगिरणीने त्याचं सूत 70 ला विकलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या मागावर विणलेला कच्चा टॉवेल 110 ला गेला, ब्लिचिंग-डाइंग होऊन 135 झाला आणि निर्यातदाराने तो 160 ला परदेशी धाडला. सगळी बिलं बेरजेला घेतली तर 515 रुपये होतात. पण देशाने निर्माण केलं 160 रुपयांचंच. कापसाची किंमत प्रत्येक पुढच्या बिलात पुन्हा पुन्हा बसलेली असते. म्हणून प्रत्येक टप्प्यावर फक्त भर मोजायची: 40, 30, 40, 25, 25. बेरीज 160. या भरीतूनच मजुरी, व्याज, भाडं आणि नफा निघतो, त्यामुळे उत्पन्नाच्या बाजूने मोजलं तरी तोच आकडा यायला हवा. आणि शेवटी कोणीतरी तो माल विकत घेतो, त्यामुळे खर्चाच्या बाजूनेही तोच.

यायला हवा, पण येत नाही. कायद्याने ठरवलेल्या संख्येइतके किंवा जास्त कामगार असलेला, विजेवर चालणारा कारखाना नोंदणीकृत असतो, त्याची माहिती दरवर्षीच्या उद्योग पाहणीत येते. सोलापुरातल्या गल्लीबोळांत मात्र चार-सहा माग टाकून घरचेच चालवतात, अशा शेड कितीतरी. त्यांच्यासाठी नमुना पाहण्या होतात. मधल्या काळात मोठ्या उद्योगांच्या वाढीवरून किंवा अशाच एखाद्या निर्देशांकावरून छोट्यांचा अंदाज पुढे ओढतात. अडचण अशी की मोठ्यांची चांदी होते तेव्हा छोट्यांचीही होतेच असं नाही, कधी छोट्यांचं गिऱ्हाईकच मोठ्यांकडे वळलेलं असतं. म्हणून सरकारी तक्त्यात उत्पादन आणि खर्च यांच्यामधला फरक ‘विसंगती’ नावाच्या ओळीत उघडपणे छापतात. काही जण त्या ओळीवरून आरडाओरडा करतात. मला तर ती तक्त्यातली सगळ्यात प्रामाणिक ओळ वाटते.

खर्चाच्या बाजूचं सूत्र बऱ्याच जणांनी शाळा-कॉलेजात पाठ केलेलं असतं: उपभोग अधिक गुंतवणूक अधिक सरकारी खर्च अधिक निर्यात वजा आयात. भारतात यातला सगळ्यात मोठा वाटा लोकांच्या उपभोगाचा, साठ टक्क्यांच्या आसपास. शेवटच्या ‘वजा आयात’ने मात्र भल्याभल्यांचा गोंधळ होतो. आयात केली की जीडीपी घटतो असं टीव्हीवर सुद्धा ऐकू येतं. समजा एका कारखानदाराने परदेशी बनावटीचा रेपियर माग 20 लाखांना आणला. ते 20 लाख गुंतवणुकीत आधीच जमा झाले. पण माग इथे बनलेला नाही, म्हणून आयातीच्या खाली तेवढेच वजा करायचे. परिणाम शून्य. आधी चुकून धरलेलं काढून टाकलं, एवढाच त्या वजाबाकीचा अर्थ.

न्हावा-शेवा बंदरातून टॉवेलाचा कंटेनर सुटला की हिशोब रिझर्व्ह बँकेच्या वहीत जातो. तिला आंतरराष्ट्रीय देवघेवीचा ताळेबंद म्हणतात. इथे प्रत्येक व्यवहाराला दोन नोंदी. माल गेला ही जमेची. गिऱ्हाईकाने 90 दिवसांची उधारी मागितली असेल, तर परदेशातलं येणं वाढलं ही दुसरी. पैसे आले की येणं मिटून बँकेकडे डॉलर जमा होतात. म्हणून पूर्ण ताळेबंदाची बेरीज नेहमी शून्यच असते. न जुळणाऱ्या नोंदींसाठी ‘चुका आणि गळती’ अशी ओळ ठेवलेली असते. मग तूट कसली? ती ताळेबंदाच्या वरच्या भागाची, म्हणजे चालू खात्याची. वस्तू, सेवा, परदेशातून येणारं-जाणारं व्याज-नफा आणि माणसांनी घरी पाठवलेले पैसे यात येतात. 2023-24 मध्ये भारताची वस्तू व्यापारातली तूट 240 अब्ज डॉलरच्या वर होती. सॉफ्टवेअर आणि इतर सेवांनी 160 अब्जांहून जास्त भरून काढले. परदेशातल्या भारतीयांनी सुमारे 119 अब्ज पाठवले. व्याज-नफ्यापोटी बाहेर गेलेले धरून चालू खात्याची तूट जीडीपीच्या एक टक्क्याच्याही आत राहिली. समजा दुबईहून कोणी घरी पाठवलेला असा पैसा जीडीपीत मात्र नाही. कष्ट दुबईत झाले, उत्पादनही तिथलंच.

माझ्या मते या सगळ्या हिशोबातली खरी गंमत पुढे आहे. देशाच्या एकूण कमाईतून लोकांचा आणि सरकारचा उपभोग वजा केला की उरते ती बचत. त्याच कमाईची खर्चाच्या बाजूने फोड केली, तर उपभोग काढल्यावर उरते गुंतवणूक आणि चालू खात्याची शिल्लक किंवा तूट. दोन्ही बाजू एकच असल्याने बचत वजा गुंतवणूक म्हणजेच चालू खातं. 2022-23 मध्ये भारताची बचत जीडीपीच्या सुमारे 30 टक्के होती आणि चालू खात्याची तूट सुमारे 2 टक्के. म्हणजे गुंतवणूक 32 टक्क्यांच्या आसपास, आणि मधले दोन टक्के बाहेरून आले. तेव्हा ‘व्यापारात आपण एवढे अब्ज गमावले’ हे म्हणणं चुकीचं आहे. कर्ज काढून नवे माग टाकणाऱ्या कारखानदाराला आपण लगेच बुडीत म्हणत नाही. कर्ज कशासाठी काढलं आणि ते केव्हा परत मागितलं जाईल, हे बघतो. 1991 मध्ये नेमकं तिथेच घोडं अडलं. परदेशातून पैसा येणं थांबलं, परकीय चलन आटलं, आणि जुलैत रिझर्व्ह बँकेला जवळपास 47 टन सोनं परदेशी बँकांकडे गहाण ठेवावं लागलं.

सोनं या हिशोबात अवघड जागी बसतं. आपल्याकडे घरच्यांच्या बचतीच्या तक्त्यात सोन्या-चांदीच्या दागिन्यांची वेगळी ओळ असते, आणि गुंतवणुकीत ‘मौल्यवान वस्तू’ म्हणून तेच सोनं येतं. लेकीच्या लग्नासाठी केलेल्या पाटल्या म्हणजे घराची बचतही आणि देशाची गुंतवणूकही, पण सोनं जवळपास सगळं परदेशातून आलेलं. 2012-13 मध्ये सोन्याची आयात सुमारे 54 अब्ज डॉलरवर गेली, त्या वर्षीची चालू खात्याची तूट सुमारे 88 अब्ज, जीडीपीच्या 4.8 टक्के. घराघरांत काटकसर वाढलेली दिसत होती आणि देश उधारीवर चालला होता. दोन्ही एकाच वेळी खरं. पुढच्या वर्षी सरकारने सोन्यावरचं आयात शुल्क 10 टक्क्यांवर नेलं.

हाच हिशोब फक्त सोलापूर जिल्ह्यासाठी मांडायला गेलं तर? राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्हावार उत्पन्न काढतं, ते भर मोजूनच. वरच्या टॉवेलाचं सूत कोइम्बतूरहून आलं असेल, तर 160 पैकी सोलापूरच्या वाट्याला 90 रुपये. साखर कारखान्यांसाठी बीडहून आलेल्या ऊसतोड टोळीची मजुरी सोलापूरच्या उत्पादनात बसते, पुण्याला आयटीत गेलेल्या पोराचा पगार पुण्याच्या. शहराच्या वेशीवरही आता जकातीचा नाका राहिलेला नाही. 2018 पासून मालाच्या गाडीबरोबर ई-वे बिल लागतं, त्यामुळे सूत आलं आणि टॉवेल गेले याचा माग काही प्रमाणात काढता येतो. पण पुण्याचा पोरगा दर महिन्याला फोनवरून आईच्या खात्यात पैसे टाकतो, किंवा टोळी हंगाम संपल्यावर उचल फेडून उरलेले पैसे गावी घेऊन जाते, ती देवघेव जिल्ह्याच्या कुठल्याच वहीत चढत नाही.