पस्तावा आणि पश्चात्ताप : हॅम्लेट जिथे चुकला

शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’च्या तिसऱ्या अंकात, भावाचा खून करून गादीवर बसलेला क्लॉडियस एकटाच गुडघे टेकून प्रार्थनेला बसतो. मागून त्या मारलेल्या भावाचा मुलगा हॅम्लेट येतो, तलवार उपसतो आणि थबकतो. प्रार्थनेत असताना मारला तर हा पापमुक्त होऊन थेट स्वर्गात जाईल, मग सूड कसला? तो तलवार म्यान करून निघून जातो. त्याची पाठ वळताच क्लॉडियस उठतो आणि म्हणतो, शब्द वर गेले, मन खालीच राहिले. प्रार्थना झालीच नव्हती! हॅम्लेटने पस्तावलेला माणूस पाहिला आणि त्याला पश्चात्ताप झाला आहे असे धरून चालला. पोलोनियसपासून खुद्द हॅम्लेटपर्यंत नाटकात जे जे मरतात, ते सगळे या प्रवेशानंतर.

हीच चूक आपण वाचकही करतो. मराठीत तर ती व्हायचीच, कारण ‘पस्तावा’ हे ‘पश्चात्ताप’चेच झिजलेले रूप आहे, आणि दोन्हींच्या पोटात अर्थ एकच : मागाहून होणारी जळजळ. बायबलच्या नव्या करारात ‘पश्चात्ताप करा’ म्हटले जाते तिथे ग्रीक शब्द ‘मेटानोइया’च्या कुळातला आहे, म्हणजे मन पालटणे. जुन्या करारातल्या संदेष्ट्यांच्या हिब्रूत त्यासाठी ‘शूव’ येतो, म्हणजे माघारी फिरणे, परतणे. या शब्दांत भर जळण्यावर नाही, वळण्यावर आहे. येशूला तीस रुपयांसाठी धरून देणारा शिष्य यहूदा ते रुपये परत करून गळफास घेतो तिथे मात्र शुभवर्तमानकार मत्तय वेगळेच ग्रीक क्रियापद वापरतो, मागाहून वाईट वाटण्याचे. आदल्याच रात्री पेत्र या दुसऱ्या शिष्यानेही येशूला तीनदा नाकारले होते, तोही ढसाढसा रडला. दुःख दोघांचे खरे. पण यहूदा आपले दुःख घेऊन एकटाच निघून गेला, आणि पेत्र ज्याला नाकारले त्याच्याचकडे परतला. पुढे मी नुसत्या जळण्याला पस्तावा म्हणेन आणि वळण्याला पश्चात्ताप, म्हणजे घोटाळा नको.

ज्या लेखकांना हा भेद लहानपणापासून चर्चमध्ये ऐकून पाठ होता, त्यांची पुस्तके तो विसरून वाचली की फार काही निसटते. इटालियन कवी दान्तेचेच पाहा. त्याच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या महाकाव्यात माँतेफेल्त्रो घराण्यातले बापलेक भेटतात, बाप नरकात आणि मुलगा शुद्धीच्या पर्वतावर, म्हणजे जिथे पापे धुऊन आत्मे स्वर्गाकडे जातात तिथे. बाप गुइदो हा नामांकित सेनानी. उतारवयात तलवार ठेवून तो फ्रान्सिस्कन साधू झाला. पुढे पोप आठवा बोनिफास त्याच्याकडे शत्रूला फसवण्याची युक्ती मागतो, आणि पाप करण्याआधीच त्याची क्षमा देऊन टाकतो. गुइदो युक्ती सांगतो : वचन भरभरून द्या, पाळा थोडेच. तो मरतो तेव्हा संत फ्रान्सिस त्याला न्यायला येतात, पण एक काळा देवदूत आडवा येतो. पश्चात्तापाशिवाय क्षमा नाही, आणि पाप करायची इच्छा व त्याचा पश्चात्ताप एकाच वेळी मनात असू शकत नाहीत, हा त्याचा मुद्दा. वर तो गुइदोला विचारतो, मी तर्कशास्त्रीही असेन असे तुला वाटले नव्हते का?

मुलगा बुओन्कोन्ते. ११ जून १२८९ रोजी काम्पाल्दिनोच्या लढाईत तो पडला, आणि त्याचे प्रेत कधीच सापडले नाही. दान्ते त्या दिवशी फ्लॉरेन्सच्या बाजूने लढत होता, म्हणजे हा त्याच्या शत्रुपक्षाचा माणूस. दान्ते त्याचा शेवट असा रंगवतो : गळ्यात घाव, नदीकाठापर्यंत रक्ताची रेघ, ओठांवर मरियेचे नाव, छातीवर हातांचा क्रूस. देवदूत आत्मा उचलतो आणि सैतान तक्रार करतो की एवढ्याशा अश्रूसाठी हा माझ्या हातून गेला! साधूचा झगा आणि पोपची क्षमा असलेला बाप बुडाला आणि रणांगणावर मेलेला मुलगा तरला. पहिल्या वाचनात मला हा अन्याय वाटला होता. आता वाटते, दान्तेने फक्त एक प्रश्न विचारला आहे : शेवटी तोंड कुणीकडे होते?

क्लॉडियसची अडचणही तीच. ज्यासाठी खून केला तो मुकुट, ती सत्ता, ती राणी अजून माझ्याजवळ आहे, तर हे ठेवून क्षमा मिळेल का, असे तो स्वतःलाच विचारतो. उत्तर त्याला ठाऊक आहे. शेक्सपिअरचाच दुसरा खुनी राजा मॅकबेथ तर उघडच सांगतो की रक्तात इतका आत आलोय की परतणे आणि पुढे जाणे सारखेच कष्टाचे. मग तो पुढे जातो.

सगळ्यात फसवा नाटककार मार्लोचा डॉक्टर फॉस्टस, सैतानाला आत्मा विकणारा विद्वान, कारण तो खरोखर तळमळतो. सुरुवातीलाच तो बायबल उघडून वाचतो की पापाचे वेतन मरण आहे, आणि पुस्तक मिटतो. रोमकरांस पत्रातले ते वचन तिथे संपत नाही. पुढचा अर्धा भाग देवाच्या कृपादानाचा, सार्वकालिक जीवनाचा आहे. मग योहानाच्या पत्रातले, आम्ही निष्पाप आहोत असे म्हणणे ही स्वतःची फसवणूक, हे वचन तो वाचतो आणि पुन्हा थांबतो. पापे कबूल केली तर तो क्षमा करील, हे त्याच्या पुढच्याच ओवीत आहे. बायबल ओळखीचे असलेला वाचक इथे अस्वस्थ होतो, इतरांना तो नुसता विद्वान वाटतो. सैतानाशी केलेला चोवीस वर्षांचा करार संपत आल्यावर एक वृद्ध येऊन कृपा अजून जवळ आहे म्हणतो. फॉस्टस म्हणतो, मी पश्चात्ताप करतो आणि तरी माझी आशा संपली आहे. ते ‘तरी’च घात करते. सैतानाचा दूत मेफिस्टोफिलिस याने धमकावताच तो रक्ताने करार पुन्हा पक्का करतो आणि ग्रीक पुराणातली सुंदरी हेलन मागतो. अगदी शेवटच्या तासातले त्याचे किंकाळीसारखे भाषण मी अजूनही एका बैठकीत वाचू शकत नाही.

आता दस्तयेव्हस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’मधला (१८६६) रास्कोल्निकॉव्ह, दोन बायकांचा खून केलेला. इथे गोंधळ कबुलीचा होतो. तो चौकात जमिनीचे चुंबन घेतो, पोलिसांत गुन्हा कबूल करतो, त्याला सैबेरियात आठ वर्षांची सक्तमजुरी होते. अनेकांच्या मते पश्चात्ताप इथे झाला. पण उपसंहारात लेखक स्पष्ट लिहितो की त्याला आपली चूक एवढीच वाटे की तो टिकला नाही आणि कबूल करून बसला. पश्चात्ताप झाला असता तर बरे, म्हणून तो झुरतो, पण तो येत नाही. एका सकाळी नदीकाठी, त्याच्यामागे सैबेरियात आलेली सोन्या शेजारी येऊन बसते आणि का ते कळायच्या आत तो तिच्या पायांशी कोसळून रडतो. कबुलीनंतर कितीतरी काळाने.

त्याच्या उशाखाली नवा करार असतो. सोन्याने, येशूने मेलेल्या लाजराला उठवले तो भाग त्याला वाचून दाखवला होता तो त्याच प्रतीतून, आणि ती प्रत तिला आणून दिली होती लिझावेताने, त्याने कुऱ्हाडीने मारलेल्या दुसऱ्या बाईने. त्या रात्री तो ते पुस्तक हातात घेतो. अजूनही उघडत नाही.