स्प्रिंगफील्ड नावाची दोन गावे

अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर १९५४ ते १९६० या काळात 'फादर नोज बेस्ट' नावाची एक कौटुंबिक मालिका चालत असे. तिच्यातले अँडरसन कुटुंब स्प्रिंगफील्ड नावाच्या गावात राहत होते. वडील विमा व्यवसायात, आई नीटनेटकी आणि हसतमुख, मुले तीन, आणि त्या मुलांपुढे दर आठवड्याला उभी राहणारी अडचण अर्ध्या तासाच्या आत वडिलांच्या शहाणपणाने सुटणारी. हे गाव नेमके कोणत्या राज्यात आहे, हे मालिका सांगत नसे. ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात ती मालिका पाहणाऱ्या मॅट ग्रेनिंग नावाच्या मुलाला मात्र हे आपल्याच राज्यातले स्प्रिंगफील्ड असणार असे वाटे आणि त्याचा त्याला फार आनंद होई. मोठेपणी त्याने कागदावर स्वतःचे स्प्रिंगफील्ड वसवले, तेव्हा तिथल्या वडिलांना बहुतेक वेळा काहीच कळत नव्हते. 'द सिम्पसन्स' या ॲनिमेटेड मालिकेची पार्श्वभूमी म्हणजे या दोन स्प्रिंगफील्डांमधल्या तीसेक वर्षांचा प्रवास होय. त्यात व्यंगचित्रकाराच्या प्रतिभेइतकाच घरबांधणीचा, ॲनिमेशनच्या खर्चाचा, एका नव्या नेटवर्कच्या निकडीचा आणि कराराच्या एका कलमाचा वाटा आहे.

उपनगर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लोकलची गर्दी आणि उंच इमारतींची दाटी उभी राहते. अमेरिकी उपनगर याच्या नेमके उलट असते. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीवर स्वस्त गृहकर्जे मिळू लागली आणि १९४७ पासून न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लेव्हिट कंपनीने साच्यातून काढावीत तशी बैठी घरे उभारायला घेतली. चारच वर्षांत तिथे १७ हजारांहून अधिक घरे झाली. पुढे हिरवळ, बाजूला गाडीची जागा, आत नवा दूरचित्रवाणी संच, आणि घर चालवायला एकट्या पुरुषाचा पगार पुरेसा, असे ते चित्र होते. कृष्णवर्णीयांना ही घरे मिळू नयेत अशी तरतूद मूळ करारांतच होती, हेही त्या चित्राचाच भाग आहे, जरी त्या काळच्या मालिकांनी ते कधी दाखवले नाही. त्या मालिकांचे प्रायोजक साबण, मोटारी आणि घरगुती उपकरणे विकणारे होते, आणि नांदते, समाधानी घर हाच त्यांच्या मालाचा उत्तम नमुना होता.

ॲनिमेशन या घरात शिरले ते काटकसरीच्या दाराने. एमजीएम या चित्रपट कंपनीने १९५७ मध्ये आपला कार्टून विभाग बंद केला, तेव्हा 'टॉम अँड जेरी'चे निर्माते विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांना दूरचित्रवाणीच्या तुटपुंज्या खर्चात बसेल असे तंत्र शोधावे लागले. पात्राचे संपूर्ण शरीर हलवण्याऐवजी फक्त तोंड किंवा हात हलवायचा, बाकीचे चित्र तसेच ठेवायचे. योगी नावाच्या अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय आहे ती शोभेसाठी नव्हे, तर त्या रेषेवर डोके धडापासून वेगळे काढून पुन्हा पुन्हा वापरता यावे म्हणून. चित्र हलत नाही म्हटल्यावर विनोदाचा भार संवादांवर आला, आणि संवादांवर चालणारे कार्टून प्रौढांच्या सिटकॉमच्या, म्हणजे प्रसंगनिष्ठ विनोदी मालिकेच्या, अगदी शेजारी जाऊन बसले. ३० सप्टेंबर १९६० रोजी एबीसी या नेटवर्कवर सुरू झालेली 'द फ्लिंटस्टोन्स' ही अमेरिकेच्या प्राइम टाइममधली पहिली ॲनिमेटेड सिटकॉम होती. तिचा साचा 'द हनीमूनर्स' या जिवंत नटांच्या मालिकेवरून घेतलेला होता आणि सुरुवातीची प्रायोजक चक्क एक सिगारेट कंपनी होती, यावरून तिचा प्रेक्षक कोण मानला गेला होता हे स्पष्ट होते. अश्मयुगाच्या वेषातले ते उपनगरच होते. फक्त गाडी पायांनी ढकलावी लागे.

पुढचा टप्पा फारसा कुणाच्या लक्षात राहिलेला नाही. १९७१ मध्ये सीबीएसवर नॉर्मन लिअर यांची 'ऑल इन द फॅमिली' आली आणि घरातला कर्ता पुरुष पूर्वग्रहांनी भरलेला, तावातावाने चुकीचे बोलणारा असू शकतो, हे अमेरिकेने दिवाणखान्यात बसून पाहिले. त्याच वाऱ्यावर हॅना-बार्बेरांनी १९७२ मध्ये 'वेट टिल युअर फादर गेट्स होम' काढली. तिच्यात उपनगरातला गोंधळलेला बाप, त्याला न जुमानणारी मुले आणि सगळीकडे कम्युनिस्ट दिसणारा शेजारी, अशी पुढे रूढ झालेली बहुतेक सामग्री होती. ४८ भागांनंतर ती १९७४ मध्ये थांबली. तोपर्यंत कार्टून म्हणजे शनिवारी सकाळी मुलांसमोर लावून ठेवायची गोष्ट, हे समीकरण पक्के झाले होते, आणि पुढची पंधरा वर्षे मोठ्या नेटवर्कांपैकी कुणी त्याला हात लावला नाही.

ते धाडस करायला गमावण्यासारखे फारसे काही नसलेला कुणीतरी हवा होता. रूपर्ट मरडॉक यांचे फॉक्स नेटवर्क १९८६ मध्ये सुरू झाले, तेव्हा एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या तिघांची सद्दी होती. फॉक्सने ५ एप्रिल १९८७ रोजी प्राइम टाइममध्ये पाऊल टाकले ते 'मॅरिड... विथ चिल्ड्रन' या एकमेकांचा पाणउतारा करणाऱ्या कुटुंबाच्या मालिकेने आणि 'द ट्रेसी उलमन शो' या विविधरंगी कार्यक्रमाने. दुसऱ्याचे निर्माते जेम्स ब्रुक्स यांना प्रहसनांच्या मधे छोटी ॲनिमेशने हवी होती. लॉस एंजेलिसमध्ये नशीब काढायला आलेल्या ग्रेनिंग यांची 'लाइफ इन हेल' ही सशांची व्यंगचित्रमालिका ब्रुक्स यांना ठाऊक होती, म्हणून त्यांना बोलावणे गेले. भेटीसाठी बाहेर थांबलेले असताना ग्रेनिंग यांच्या लक्षात आले की सशांवर चित्रपट्टी केली तर त्यांचे हक्क हातचे जातील. ते गमावण्याची तयारी नव्हती, म्हणून त्यांनी तिथल्या तिथे एक कुटुंब रेखाटले आणि नावे दिली ती स्वतःच्या घरची: वडील होमर, आई मार्ज, बहिणी लिसा आणि मॅगी. स्वतःचे नाव तेवढे घातले नाही. त्या जागी बार्ट आला, आणि त्या नावाची इंग्रजी अक्षरे फिरवली की 'ब्रॅट', म्हणजे कार्टे, असा शब्द होतो. ही हकिकत ग्रेनिंग स्वतःच सांगत आले आहेत, त्यामुळे तिच्यात थोडी कथाकाराची सफाई असणारच. पण दूरचित्रवाणीवरचे इतके गाजलेले घराणे हक्कांच्या काळजीतून जन्माला आले, ही गोष्ट त्या घराण्याला शोभणारी आहे.

१९ एप्रिल १९८७ रोजी पहिली चित्रपट्टी दिसली आणि तीन हंगामांत अशा ४८ झाल्या. ग्रेनिंग यांनी चित्रे ओबडधोबड काढून दिली होती. ॲनिमेटर ती नीट करतील अशी त्यांची समजूत होती, परंतु त्यांनी ती तशीच गिरवली. क्लास्की-सूपो स्टुडिओतल्या रंगतज्ज्ञ ज्योर्जी पेलुचे यांनी कातडीला पिवळा रंग दिला. लिसाच्या आवाजासाठी चाचणी द्यायला आलेल्या नॅन्सी कार्टराइट यांनी बार्टचे वर्णन वाचले आणि आपल्याला हाच करायचा आहे असे सांगितले. होमरला आवाज देणारे डॅन कॅस्टेलानेटा यांच्या संहितेत एका ठिकाणी फक्त 'त्रासलेला हुंकार' असे लिहिलेले होते. त्यांनी जुन्या लॉरेल-हार्डी चित्रपटांतल्या जेम्स फिनलेसन या नटाचा लांबलचक उद्गार आठवून तो तोडला आणि 'डोह' केला. २००१ मध्ये तो ऑक्सफर्ड शब्दकोशात गेला.

अर्ध्या तासाची मालिका करायचे ठरले तेव्हा ब्रुक्स यांनी करारात असे घालून घेतले की मजकुराबाबत नेटवर्कने सूचना करायच्या नाहीत. प्रस्थापित नेटवर्कने हे मान्य केले असते असे वाटत नाही, फॉक्सने केले. लेखकांची फळी सॅम सायमन यांनी उभी केली आणि त्यांनीच कुटुंबाभोवतीचे गाव दाट केले. एवढे होऊनही आरंभ कोलमडण्याच्या बेतात होता, कारण दक्षिण कोरियातून तयार होऊन आलेला पहिला भाग इतका वाईट निघाला की त्याचा बराचसा भाग पुन्हा करावा लागला. १९८९ च्या शरदातले पदार्पण पुढे गेले आणि शेवटी १७ डिसेंबर १९८९ रोजी नाताळचा भाग आधी दाखवून मालिका सुरू झाली.

अडचणीतून सोय झालेल्या त्या नाताळच्या भागातच पुढच्या सगळ्या फजित्यांचे व्याकरण आहे. बार्ट परवानगीशिवाय गोंदवून घेतो, ते काढून टाकण्यात मार्जने साठवलेले सणाचे पैसे जातात, त्याच दिवशी होमरचा अणुवीज प्रकल्पातला बोनस रद्द होतो, आणि घरी हे सांगण्याची लाज वाटून तो मॉलमध्ये सांताक्लॉजची नोकरी धरतो. कापून-कापून हातात येतात १३ डॉलर. ते कुत्र्यांच्या शर्यतीत ज्याच्यावर लावावेत तो शेवटचा येतो, मालक त्याला हाकलून देतो, आणि बापलेक तेच हरलेले कुत्रे घरी आणतात. अँडरसनांच्या स्प्रिंगफील्डमध्ये अडचण सुटत असे. इथे ती सुटत नाही, पैसे परत मिळत नाहीत, वडील शहाणे होत नाहीत, घरात एक तोंड मात्र वाढते. तरी घर तुटत नाही. विस्कटलेल्या कुटुंबाची टवाळी करणारी मालिका असे तिचे वर्णन अनेकदा होते, ते मला अर्धेच खरे वाटते. टवाळीचा रोख त्या कुटुंबापेक्षा, त्याच्याकडून अँडरसनांसारखे वागण्याची अपेक्षा करणाऱ्या जगाकडे जास्त असतो. शाळा, चर्च, प्रकल्पाचा मालक, महापौर यांपैकी कुणीच आपापले काम धड करत नाही, आणि होमर हा त्यांच्यातला सर्वांत कमी ढोंगी माणूस आहे. १९९३ च्या मोनोरेलच्या भागात तर अख्खे गावच एका ठगाच्या गाण्याला भुलून दंडापोटी मिळालेले ३० लाख डॉलर घालवून बसते.

हे सर्वांना रुचले नाही. १९९० मध्ये बार्टचे 'अंडरअचीव्हर' शब्द मिरवणारे टी-शर्ट काही शाळांनी बंद केले. २७ जानेवारी १९९२ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी धार्मिक प्रसारकांच्या सभेत म्हटले की अमेरिकी कुटुंबे सिम्पसन्ससारखी कमी आणि वॉल्टन्ससारखी जास्त व्हायला हवीत. 'द वॉल्टन्स' ही १९३० च्या दशकातल्या महामंदीतल्या एका सोशीक ग्रामीण कुटुंबाची मालिका होती. तीनच दिवसांनी जुन्या भागाच्या पुनःप्रक्षेपणाला एक नवा तुकडा जोडण्यात आला, त्यात बार्ट म्हणतो की आम्हीही वॉल्टन्ससारखेच आहोत, आम्हीही मंदी संपावी म्हणून प्रार्थना करतो आहोत. ते वर्ष निवडणुकीचे होते, देशाची अर्थव्यवस्था मंदावलेली होती, आणि उत्तर वर्मी लागणारे होते.

दार उघडल्यावर इतरांनी आत यायला वेळ लावला नाही. १९९७ मध्ये माइक जज आणि ग्रेग डॅनियल्स यांची टेक्सासमधली 'किंग ऑफ द हिल' आली, ३१ जानेवारी १९९९ रोजी सेथ मॅकफार्लेन यांची 'फॅमिली गाय', आणि २०११ मध्ये 'बॉब्ज बर्गर्स'. यांपैकी 'फॅमिली गाय' २००२ मध्ये बंद केली गेली होती. डीव्हीडींचा खप आणि केबलवरच्या पुनःप्रक्षेपणांना मिळालेला प्रतिसाद पाहून २००५ मध्ये ती परत आणावी लागली.

भारतीय प्रेक्षकांचा या गावाशी संबंध दोन बाजूंनी येतो. मरडॉक यांनी १९९३ मध्ये स्टार टीव्हीचा मोठा हिस्सा घेतला आणि फॉक्सच्या मालिकांना भारतातल्या केबलधारक घरांची वाट मोकळी झाली. दुसरा संबंध अधिक अवघड आहे. स्प्रिंगफील्डमधल्या किराणा दुकानाचा मालक अपू १९९० पासून मालिकेत आहे. त्याचे नाव सत्यजित राय यांच्या चित्रत्रयीवरून घेतलेले, पण आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाचा. दुकान सांभाळणारा, कष्टाळू, बहुतेक शेजाऱ्यांपेक्षा जास्त शिकलेला हा माणूस चांगला लिहिलेला होता, हे मान्य करूनही अमेरिकेत वाढलेल्या भारतीय मुलांना शाळेत त्याच आवाजात चिडवले गेले, ही वस्तुस्थिती उरते. विनोदकार हरी कोंडाबोलू यांनी २०१७ च्या माहितीपटात ती मांडली. मालिकेने आधी खांदे उडवले. जानेवारी २०२० मध्ये अझारिया यांनी हा आवाज सोडत असल्याचे सांगितले आणि त्याच वर्षी जूनमध्ये गोऱ्या नसलेल्या पात्रांना यापुढे गोरे कलाकार आवाज देणार नाहीत, असे निर्मात्यांनी जाहीर केले. जे उपनगर मुळात काहींना वगळूनच वसवले गेले, त्याची नक्कल करणाऱ्या गावात हा प्रश्न इतक्या उशिरा पोहोचावा, यात नवल नाही.

चित्रातली माणसे म्हातारी होत नाहीत, या सोयीवर मालिका १९९७ मध्ये 'द फ्लिंटस्टोन्स'च्या १६६ भागांना आणि २९ एप्रिल २०१८ रोजी 'गनस्मोक' या जुन्या वेस्टर्न मालिकेच्या ६३५ भागांना मागे टाकू शकली. बार्ट अजून दहा वर्षांचाच आहे. त्यामुळे आईवडिलांचा भूतकाळ पुढे सरकवावा लागतो: १९९१ च्या भागात होमर आणि मार्ज १९७४ मध्ये शाळेत भेटले होते, तर २००८ च्या भागात त्यांचे तारुण्य १९९० च्या दशकात गेलेले दाखवले. घर मात्र एव्हरग्रीन टेरेसवर जागच्या जागी आहे. पोर्टलंडमधल्या ज्या रस्त्यावर ग्रेनिंग वाढले त्याचेच हे नाव. दुमजली घर, दोन गाड्या, तीन मुले आणि पदवी नसलेल्या एका माणसाचा पगार. १९८९ मध्ये ही सामान्य माणसाची ओळख होती. १९९७ मध्ये फ्रँक ग्राइम्स नावाचा, आयुष्यभर झिजलेला एक सहकारी होमरच्या घरी येतो आणि हे वैभव पाहून संतापतो. तो स्वतः एका बोलिंगगृहाच्या वर आणि दुसऱ्याच्या खाली राहत असतो. मे २०२२ मध्ये तेहतिसाव्या हंगामाच्या शेवटच्या भागात बार्ट वडिलांच्या कामावर जाऊन भारावतो, आपल्यालाही हेच आयुष्य हवे म्हणतो, आणि प्रकल्पातला झाडूवाला त्याला गाण्यातून समजावतो की असली नोकरी आणि असले घर देणारा जमाना केव्हाच उलटून गेला आहे.