फ्युएल पंप स्वस्त चालेल, पण कुठलाही नाही
गाडीच्या टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणाऱ्या फ्युएल पंपाबद्दल सोलापुरात गॅरेजवर वर्षानुवर्षं ऐकू येतं, ‘पंप १२ व्होल्टचा असला की झालं, कुठलाही बसवा.’ हे साफ चूक आहे. व्होल्ट जुळले तरी प्रेशर जुळायला हवं. कार्बोरेटरच्या गाडीला पाव बारच्या (बार हे प्रेशरचं माप) आसपास पुरतं. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीला साधारण ३ ते ४ बार लागतात. स्वस्त पंपाचा व्हॉल्व्ह गळका निघाला तर लाइनमधलं प्रेशर रात्रीत उतरतं आणि सकाळी बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो. मात्र कंपनीचा अख्खा सेटच घ्यावा लागतो, हेही खरं नाही. बऱ्याच गाड्यांत आतली मोटर आणि जाळी तेवढी बदलता येते. पैसे वाचवायचे तर तिथे वाचवा, आणि बसवल्यावर गेज लावून प्रेशर दाखवायला सांगाच. शिवाय इथल्या उन्हाळ्यात रिझर्व्हवर फिरू नका. टाकीतलं पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं.