'सागा'चं व्हॉल्यूम 2 आणि बुक 2 ही एकच गोष्ट नाही

आमच्या रत्नागिरीत 'सागा' हे कॉमिक वाचणारे मोजकेच, पण जे आहेत ते तावातावाने बोलतात. परवा असाच वाद झाला. एक जण म्हणाला दुसरा भाग रटाळ आहे, नुसती नवरा-बायकोची धुसफूस, आणि त्याच्यासमोरची ताई म्हणाली अरे काय बोलतोयस, दुसऱ्या भागात तर सासू-सासरे थेट यानात येऊन राहतात, मला तोच सगळ्यात आवडला. दोघंही खरंच बोलत होती. त्याने वाचलं होतं बुक 2 आणि तिने व्हॉल्यूम 2.

तर गणित असं आहे. ब्रायन के. वॉन लिहितात आणि फिओना स्टेपल्स चित्रं काढतात ते हे कॉमिक इमेज कॉमिक्सकडून मार्च 2012 पासून सुट्ट्या अंकांत येतं. सहा अंक एकत्र केले की एक व्हॉल्यूम, म्हणजे साधं पेपरबॅक. अठरा अंक एकत्र केले की एक बुक, ते मोठ्या आकाराचं हार्डकव्हर. म्हणजे व्हॉल्यूम 2 मधे अंक 7 ते 12, आणि बुक 2 मधे 19 ते 36, जे व्हॉल्यूमच्या हिशोबात चौथं, पाचवं आणि सहावं झालं. दोन्हीच्या कव्हरवर आकडा तोच, म्हणून घोळ.

त्या मित्राचं काय झालं, तर त्याने व्हॉल्यूम 1 संपवलं आणि पुढचं म्हणून कोणाकडून तरी बुक 2 आणलं. मधले बारा अंक गेलेच! पंखवाली अलाना लँडफॉलची, शिंगवाला मार्को रीथचा म्हणजे लँडफॉलच्याच चंद्रावरचा, दोन्हीकडच्यांचं युद्ध चालू आणि ही दोघं तान्ह्या हेझेलला घेऊन पळतायत, इतकं त्याला माहीत होतं. पण मार्कोच्या आईचं सुनेशी कसं जमतं न जमतं, लाकडी रॉकेटमधे ते सगळं कुटुंब कसं दाटीवाटीने राहतं, ज्या लेखकाची कादंबरी वाचून या दोघांच्या डोक्यात पळून जायचं आलं त्याच्या घरी ते कसे पोचतात, हे सगळं मधल्या अंकांत आहे. ते न वाचता तो थेट 19 व्या अंकात गेला, जिथे अलाना कामाला जाते, मार्को मुलीला सांभाळत घरी असतो, आणि दोघांचं बिनसत चाललंय. मग भांडणच दिसणार ना. मला स्वतःला तोच भाग या सिरीजमधला सगळ्यात खरा वाटतो, जादू आणि रॉकेट आणि डोक्याच्या जागी टीव्ही असलेला राजपुत्र हे सगळं असूनही शेवटी घर चालवायचं कोणी हा प्रश्न उरतोच, पण तो भिडायला आधीचं प्रेम वाचलेलं पाहिजे.

म्हणून कोणाचंही मत वाचताना आधी बघा की तो व्हॉल्यूम म्हणतोय की बुक. कौतुकाचंही तसंच आहे, विज्ञानकथांसाठी दिला जाणारा 2013 चा ह्यूगो पुरस्कार व्हॉल्यूम 1 ला मिळाला, म्हणजे फक्त पहिल्या सहा अंकांना. आणि काही मतं गोष्टीबद्दल नसतातच, बांधणीबद्दल असतात, तिथे स्टार कमी दिसले म्हणून कथा वाईट समजू नका.

बांधणीचं आपल्याकडे खरंच महत्त्व आहे. जुलैत कपाटातून पेपरबॅक काढा, कव्हर कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला वळलेलं असतं, कारण बाहेरून लॅमिनेशन आणि आतला कागद उघडा, तो दमट हवा ओढून फुगतो. हार्डकव्हर त्या मानाने सरळ राहतं पण त्याच्या पाठीवर बुरशी धरते, पुसत राहायला लागतं. रेल्वेने मुंबईला जाताना वाचायचं तर व्हॉल्यूमच बरं, हातात धरवतं. बुक घरी टेबलावर ठेवून वाचायचं, चित्रं मोठी दिसतात आणि स्टेपल्सचं काम तसं बघायलाच हवं. गोष्ट सांगते ती मोठी झालेली हेझेल, तिचं निवेदन स्टेपल्सनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, ते मोठ्या पानावर फार सुंदर वाटतं.

कंपेंडियम हा तिसरा प्रकार, अंक 1 ते 54 एकाच पेपरबॅकमधे, 1328 पानं, झोपून वाचायचा विचार सोडा. 54 नंतर जुलै 2018 ते जानेवारी 2022 सिरीज बंदच होती, त्या काळातल्या मतांत वाट बघण्याचा वैताग बराच आहे.

आणि हो, भाच्याला वाढदिवसाला द्यायला म्हणून यातलं काहीच घेऊ नका, हे मोठ्यांचं कॉमिक आहे, शिव्या, रक्त, नग्नता सगळं आहे. नवीन वाचणाऱ्याने व्हॉल्यूम 1 घ्यावं, आवडलं तर व्हॉल्यूम 2 आणि 3, त्यानंतर खुशाल बुक 2 वर जा, काही सुटणार नाही.